चितळांच्या कळपात कोण कोणाला हटवतं, ते कसं बघायचं

ताडोबा घ्या, पेंच घ्या, नागझिरा घ्या, जिप्सी गेटातून आत शिरली की थोड्याच वेळात चितळ दिसतंच आणि गाडीतलं कोणीतरी लगेच म्हणतं, "अरे चितळच आहे, चला पुढे". वाघ बघायला आलोय, पैसे भरलेत, सगळं मान्य. पण खरं सांगू का, वाघ दिसला तरी बहुतेक वेळा लोळत पडलेला असतो, आणि तिकडे चितळांच्या कळपात मात्र दिवसभर राजकारण चालू असतं, कोण कोणाच्या मागे लागलंय, कोण कोणाच्या वाटेतून गुपचूप बाजूला होतंय, कोणाला पाण्यावर पहिला नंबर मिळतोय. हे वाचता यायला लागलं की सफारी फुकट गेली असं वाटत नाही. तर ते कसं बघायचं ते सांगतो, जमेल तसं सविस्तर.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. कळपाला एक म्होरक्या नर असतो, सगळ्या माद्या त्याच्या, बाकीचे नर त्याच्या हाताखाली, हे जे टीव्हीवरून आपल्या डोक्यात बसलंय ना, ते चितळाला लागू नाही. चितळाचा कळप एकदम सैल असतो. आई, तिचं या वर्षीचं पाडस, बऱ्याचदा मागच्या वर्षीचंही, हा खरा गाभा, आणि अशी दोन-चार कुटुंबं एकत्र चरत असतात म्हणून आपल्याला तो कळप दिसतो. तासाभराने त्यातली अर्धी बांबूत शिरतात, दुसरीकडून वेगळी येऊन मिसळतात. सकाळी बघितलेला कळप आणि संध्याकाळी त्याच कुरणावर दिसलेला कळप एकच असेल याची काही गॅरंटी नाही. नर तर त्याहून मोकळे, आज या घोळक्यात, उद्या त्या, कधी नुसते नर-नर मिळून फिरतात. कोणाचा इलाका नाही, कोणाचा जनानखाना नाही.

मग उतरंड असते कुठे? ती असते दोन जनावरांच्या मधे. म्हणजे 'बॉस कोण' हा प्रश्नच सोडून द्या आणि त्याऐवजी 'आत्ता कोण हटलं' हे बघा. जिंकणाऱ्याकडे बघून फार काही कळत नाही कारण तो बऱ्याचदा काहीच करत नाही, नुसता चालत येतो. जो हटतो तो सगळं सांगून जातो. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

कुठे आणि कधी बघायचं

महाराष्ट्रात चितळाचा माज (म्हणजे मिलनाचा हंगाम) उन्हाळ्यात जोरात असतो, साधारण एप्रिल-मे ते जून. आपल्यासाठी हे सोयीचंच, कारण जंगल वाळलेलं असतं, लांबवर दिसतं, पाणवठे कमी उरलेले असतात त्यामुळे जनावरं एका जागी येतात, आणि नरांची शिंगं तेव्हा पूर्ण तयार, कडक असतात. वर्षभर कुठल्याही महिन्यात एखादा कडक शिंगांचा नर सापडतोच, चितळात सगळे नर एकाच वेळी शिंगं गाळत नाहीत, पण भांडणं बघायची तर उन्हाळाच. पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंदच असतो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायचा वनविभागाचा जो कार्यक्रम असतो तो मिळाला तर सोडू नका. मे महिना, पाणी समोर, गाडीचा आवाज नाही, रात्रभर बसायचं. बरेच लोक तिथे वाघ-बिबट्याची वाट बघत डुलक्या काढतात आणि समोर चितळ-सांबरांचा अख्खा दरबार भरून संपतो.

नेहमीच्या सफारीत मात्र गाडीतल्या बाकीच्यांना पटवणं हा मोठा प्रॉब्लेम आहे. वीस मिनिटं चितळासाठी गाडी थांबवा म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. यावर उपाय सोपा आहे. वाघासाठी पाणवठ्यावर गाड्या लागतातच, इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास सगळे बसतात, आणि तिथे पाण्यावर चितळं येत-जात असतातच. सगळे झुडपात डोळे लावून बसलेले असताना तुम्ही चितळं बघा. कोणाचं काही बिघडत नाही.

आणि जंगलात जायच्या आधी सराव करायचा असेल तर पुण्यातलं कात्रजचं प्राणीसंग्रहालय किंवा मुंबईकरांसाठी बोरीवलीचं नॅशनल पार्क. बोरीवलीला मोकळी चितळं आहेत, सकाळी लवकर गेलात तर आरामात दिसतात. कात्रजला बंदिस्त आहेत, तिथे एक फरक लक्षात ठेवा, पिंजऱ्यात हरलेल्या जनावराला लांब जायला जागाच नसते त्यामुळे तिथे एकमेकांना हटवणं, पाठलाग, हे सारखं दिसतं आणि जरा जास्तच तिखट दिसतं. शिकायला उत्तम, पण जंगलात पण एवढंच चालतं असं समजू नका.

आधी ओळखपरेड

कळप दिसला की लगेच कॅमेरा उचलू नका, आधी मोजा. मोठ्या माद्या किती, पाडसं किती, नर किती, आणि नरांमधे कोण कुठल्या अवस्थेत आहे. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, उतरंडीचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

चितळाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवीन उगवतात. गाय-म्हैस किंवा काळवीट यांच्या शिंगांसारखी ती कायमची नाहीत (काळवीट हरणांच्या जवळचा असला तरी तो वेगळ्या कुळातला, त्याच्या नराचा इलाका असतो, तो सगळा हिशोबच निराळा, त्यामुळे रेहेकुरी किंवा नान्नजला जाऊन हे लिहिलेलं लावायला जाऊ नका). नवीन शिंगं उगवत असताना त्यांच्यावर मऊ केसाळ कातडी असते, मखमल म्हणा, फोटोवाले वेल्वेट म्हणतात. आत रक्त वाहत असतं, स्पर्श झाला तरी जाणवतं, त्यामुळे या काळात नर डोकं सांभाळून असतो. शिंगं पूर्ण वाढली की शरीरातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं, शिंगं आतून कडक होतात, मखमल वाळते, नर झाडाझुडपांवर शिंगं घासून ती काढून टाकतो. मग आली लढाईची वेळ. माज संपला, टेस्टोस्टेरॉन उतरलं की शिंगं गळतात आणि परत पहिल्यापासून.

म्हणजे नर बघितला की तो कुठे बसतो ते ठरवा. पहिल्या शिंगांचं पोर, ज्याला नुसते दोन खिळे असतात. मग मधल्या वयाचा, तीन टोकं आलीत पण शिंगं बारीक आणि मान सडपातळ. मग पूर्ण वाढलेला, मान जाड, तोंडावरचे काळे पट्टे गडद, अंगाचा रंगही बऱ्याचदा काळपट झालेला, शिंगं लांब, मोठ्या नराची पाऊण मीटरच्याही पुढे जातात. आणि हे सगळं कडक शिंगांचं की मखमलीचं की गळून गेलेलं टक्कल, तेही बघा. वजनातही चांगला फरक असतो, मोठा नर ७० ते ९० किलोपर्यंत भरतो, मादी त्याच्यापेक्षा बरीच हलकी.

आता नियम काय, तर मोठं अंग आणि कडक शिंगं असलेला वर, आणि एकाच मापाच्या दोघांत मखमलवाला कडकवाल्यापुढे हटतो. म्हणून मे महिन्यात जो सगळ्यांना हाकलत फिरत होता तोच दिवाळीच्या आसपास टक्कल होऊन एखाद्या कडक शिंगांच्या पोरासमोरून मुकाट बाजूला होताना दिसू शकतो. पद कायमचं नाही, शिंगांबरोबर येतं आणि शिंगांबरोबर जातं. मागे एका गाईडला विचारलं होतं की हा एवढा मोठा नर त्या लहान्याला का घाबरतोय, तर तो म्हणाला, "साहेब, त्याचे शिंगं गळून राह्यले ना, आता तो कायच्या भरोशावर भांडीन". एवढंच.

हटणं म्हणजे नक्की काय दिसतं

नवीन बघणाऱ्याला इथेच चुकायला होतं कारण आपण मारामारीची वाट बघत बसतो. मारामारी फार कमी होते. रोजचं जे आहे ते एवढं बारीक आहे की डोळा तयार असावा लागतो.

एक नर मोहाच्या झाडाखाली पडलेली फुलं खातोय (मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली हमखास चितळं मिळतात, ती जागा धरून ठेवा). दुसरा मोठा नर तिकडून सरळ चालत येतो, घाई नाही, शिंगं रोखलेली नाहीत. पहिला मान वर करतो, क्षणभर बघतो, मग जणू काही त्याला तसंही निघायचंच होतं अशा थाटात चार पावलं बाजूला जाऊन दुसऱ्या जागी तोंड खाली घालतो. झालं. हीच एक नोंद. इथे काहीच घडलं नाही असं वाटतं पण या दोघांतलं नातं तुम्हाला कळलं, आणि असं दिवसातून कितीतरी वेळा होत असतं.

हटणाऱ्याच्या खुणा बघायच्या. तो समोरच्याकडे सरळ बघत नाही, मान वळवतो, डोकं खाली नेतो, अंग आकसून घेतो, किंवा एकदम चरायला लागतो. ते चरणं पण बघा, काही वेळा तोंडात काही जातच नाही, नुसतं तोंड गवताला लावलेलं असतं आणि कान मागच्या बाजूला असतात. मला वैयक्तिक हे सगळ्यात मजेशीर वाटतं, साहेब आल्यावर फायलीत डोकं घालणाऱ्यासारखं.

पाणवठ्यावर क्रम बघा. आधी कोण उतरलं हे फार महत्त्वाचं नाही कारण पहिलं उतरणारं जनावर बऱ्याचदा एखादी अनुभवी मादी असते आणि ती धोका तपासत असते. त्यापेक्षा चांगल्या जागेवरून कोणी कोणाला उठवलं हे बघा. सावलीची जागा, खनिज असलेली चाटणीची माती, वानरांनी वरून पाडलेली फळं-पाला, थोडक्यात जिथे वाटणी करावी लागते तिथे उतरंड दिसते. मोकळ्या हिरव्या कुरणावर सगळ्यांना पुरेसं असतं त्यामुळे तासभर बसलात तरी काही दिसणार नाही आणि तुम्ही म्हणाल हा माणूस काहीही सांगतो.

नर भिडतात तेव्हा

दोघं तोडीस तोड असतील तरच गोष्ट पुढे जाते, आणि ती पायऱ्या पायऱ्यांनी जाते. प्रत्येक पायरीवर दोघांनाही माघार घ्यायची संधी असते, आणि बहुतेक वेळा कोणीतरी ती घेतो. त्यामुळे भांडण कुठल्या पायरीवर थांबलं ते लिहा.

पहिली पायरी, नुसतं दिसणं. नर मान ताठ उभी करतो, हनुवटी वर, शिंगं मागे झुकलेली, गळ्याचा पांढरा भाग समोर. चाल एकदम कडक आणि आखूड पावलांची होते. अंगावरचे केस थोडे उभे राहतात त्यामुळे तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. डोळ्याच्या कोपऱ्यापुढे जी ग्रंथी असते ती उघडते, दुर्बिणीतून नीट दिसते, डोळ्याखाली काळी चीर पडल्यासारखी. बरेच सामने इथेच संपतात.

दुसरी, शेजारी शेजारी चालणं. हे बघायला मिळालं तर नशीबवान समजा स्वतःला. ताडोब्याच्या तलावाकाठी एकदा उन्हं कलताना असे दोन नर दिसले होते, दोघांची तोंडं एकाच दिशेला, मधे जेमतेम एका चितळाच्या लांबीएवढं अंतर, आणि दोघं एकमेकांकडे अजिबात न बघता सावकाश चालतायत. एक थांबला की दुसरा थांबतो. एक वळला की दुसरा वळतो. डावीकडच्याचं एक शिंग टोकाला तुटलेलं, उजवीकडचा अंगाने थोडा भरलेला. काठाने असं जाऊन परत आले, मग तुटक्याने वाकून एका झुडपात शिंगं घुसवून ते झुडूप पार पिंजून काढलं, शिंगांना गवताचा गुंता लटकला, भरलेला तिथेच ताठ उभा, आणि मग तुटक्या, शिंगांवरचं गवत तसंच घेऊन, माद्यांच्या विरुद्ध बाजूला निघून गेला. एक टक्कर नाही, काही नाही. आमच्या गाडीतल्या एकाने विचारलं, झालं काय नक्की. झालं हे की निकाल लागला. एकमेकांना आडवं अंग दाखवत चालण्यात माप घेतलं जातं, कोण किती मोठा, किती दमाचा, आणि ज्याला आपण कमी पडणार हे कळतं तो जखम न होता निघतो.

झुडपं पिंजणं, पुढच्या खुराने माती उकरणं, आणि मागच्या दोन पायांवर उभं राहून फांदीला तोंड आणि शिंगं घासणं, हे सगळं याच टप्प्यातलं. शेवटचं ते, म्हणजे फांदीला आपला वास लावणं, नवीन माणसाला पाला खाण्यासारखं वाटतं. पाला खाणारा तोंडाने ओढतो आणि चावतो. वास लावणारा डोळ्यापुढचा भाग फांदीवर घासतो, शिंगं फांदीत अडकवून हलवतो आणि खाली उतरून चालायला लागतो. एवढ्यावरून ओळखायचं.

तिसरी पायरी, डोकं एकदम खाली, मान पुढे, शिंगं रोखून. ही खरी धमकी. इथून एक तर पाठलाग होतो नाहीतर शिंगं भिडतात.

शिंगं भिडली म्हणजे लगेच युद्ध असंही नाही हां. पोरं-पोरं, किंवा एक मोठा आणि एक मधल्या वयाचा, हळूच शिंगं अडकवून ढकलाढकली करतात, मधेच थांबून चरतात, परत भिडतात. ही तालीम. ओळखायचं कसं, तर दोघं सावकाश डोकं जुळवतात, आधी ताठ चालणं वगैरे काही नसतं, आणि संपल्यावर कोणी पळत नाही. खरी लढाई अचानक होते, धाडकन आवाज येतो, माती उडते, मागचे पाय रोवलेले दिसतात, आणि शेवटी एक जण पाठ फिरवून पळतो आणि दुसरा त्याच्या मागे काही अंतर जातो. फोटोखाली 'घमासान' लिहून टाकलेले बरेचसे फोटो तालमीचे असतात, पण असो.

मखमलवाले नर भांडतात तेव्हा शिंगं वापरतच नाहीत. मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी एकमेकांना फटकावतात. माद्याही अशाच भांडतात.

माद्यांचं राजकारण

याकडे कोणी बघत नाही कारण शिंगं नाहीत. पण माद्यांमध्येही वरखाली असतंच आणि ते वयावर, अंगावर बरंच अवलंबून असतं. कान मागे पाडून मान पुढे काढणं, नुसतं टक लावून बघणं, हलकासा हिसका, दोन पावलं धावून जाणं, आणि फारच झालं तर दोन पायांवर उभं राहून खुरांचे फटके. पाण्यावर आणि चाटणीच्या मातीवर हे जास्त दिसतं. दुसऱ्याचं पाडस जवळ घुसलं तर एखादी मादी त्याला ढुशी देऊन बाजूला करते, ते पण लिहून ठेवा.

कळप कुठे जायचं हे बहुतेक वेळा माद्याच ठरवतात. रांगेने निघाले की पुढे कोण आहे बघा, सहसा मोठ्या वयाची मादी असते, शिंगंवाला साहेब मागे नाहीतर कडेला. आता पुढे चालणारी म्हणजेच सगळ्यांना हटवणारी असं मात्र समजू नका, वाट दाखवणं आणि धाक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वहीत वेगळ्या रकान्यात लिहा.

माद्यांच्या पदाला काय महत्त्व, असं कोणी विचारलं तर स्कॉटलंडमधल्या रम बेटावरच्या लाल हरणांचं उदाहरण द्या. तिथल्या हरणांवर कित्येक दशकं अभ्यास चालू आहे, एकेक जनावर ओळखून, आणि १९८४ साली टिम क्लटन-ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की वरच्या पदाच्या माद्यांना खालच्या पदाच्या माद्यांपेक्षा नर पाडसं जास्त प्रमाणात होतात. ते हरीण वेगळं, तिथली थंडी वेगळी, तिथला नर माजात माद्यांचा घोळका राखतो, तेव्हा ते जसंच्या तसं चितळावर चिकटवू नका. पण शिंगं नसलेल्यांकडे पण दुर्बीण वळवायला एवढं कारण पुरे.

माजावर आलेला नर

माजावरचा नर लांबून ऐकू येतो. खर्जातली, लांबलेली, भसाड्या आवाजाची आरोळी, पहाटे आणि संध्याकाळी जास्त. धोक्याचा कॉल वेगळा असतो, तो तीक्ष्ण आणि छोटा. पहिल्यांदा ऐकणारे आरोळी ऐकून वाघ वाघ करतात, गाईड हसतो.

तो माद्यांमधून फिरत राहतो, एकेकीच्या मागे जाऊन वास घेतो, मादीने लघवी केली की ती हुंगून मान वर करून वरचा ओठ मागे ओढतो आणि तसाच थोडा वेळ उभा राहतो. हसल्यासारखा दिसतो, पण तो वास तपासत असतो की मादी तयार आहे का. तयार असेल तर तिच्या मागेच राहतो, ती चालली की चालतो, बसली की जवळ उभा राहतो, आणि दुसरा कुठला नर आसपास आला की त्याला हटवतो. सगळा कळप राखत नाही, त्या वेळेपुरती ती एक मादी राखतो, आणि ते झालं की पुढच्या घोळक्याकडे निघतो. अशा जोडीभोवती उतरंड एकदम उघडी पडते. कोण किती जवळ येऊ शकतो, कोणाला बघताच मोठा नर डोकं खाली घालून शिंगं रोखतो, आणि पहिल्या शिंगांच्या पोराला कसं चक्क दुर्लक्षित करतो, हे सगळं एका जागी मिळतं. ती पोरं धोका नाहीत ना, कशाला दम वाया घालवा. या दिवसांत मोठा नर खाणं कमी करतो आणि उतरतो, बरगड्या दिसायला लागतात, तेही टिपून ठेवा, पुढे तो कधी हटायला लागतो त्याचा अंदाज त्यावरून येतो.

पाडसं गर्भधारणेनंतर साधारण पावणेआठ महिन्यांनी होतात, म्हणजे मे मधला माज म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत पाडसं. सुरुवातीचे दिवस आई त्यांना गवतात लपवून ठेवते त्यामुळे त्या सुमारास एखादी मादी कळपापासून बाजूला दिसली तर ती कोणी हाकललेली आहे असा निष्कर्ष काढू नका.

कॉल झाला की वही मिटा

धोक्याचा वास आला की सगळा खेळ थांबतो. एक जनावर ताठ होतं, पुढचा पाय आपटतं, शेपटी वर जाऊन खालचा पांढरा भाग दिसतो, आणि कॉल सुरू. वानर वर झाडावर असेल तर त्याचाही खकारा मिळतो, दोघं एकमेकांचे कॉल ऐकतात. अशा वेळी कोण पळालं, कोण बाजूला झालं, याला उतरंडीशी जोडू नका, तिथे प्रत्येक जण आपला जीव बघतो. कॉलनंतर परत चरायला लागेपर्यंत हटण्याची नोंद करू नका. गाड्या जवळ आल्यावर पण तेच, जिप्सीने दचकून बाजूला झालेलं चितळ कोणाला घाबरून हटलेलं नसतं, ते आपल्याला कंटाळलेलं असतं. म्हणून अंतर ठेवा, ड्रायव्हरला पुढे घे पुढे घे करू नका, आणि खायला टाकणं हा विषयच नको.

वहीत काय लिहायचं

ताडोब्यासारख्या ठिकाणी मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे छोटी वही आणि पेन्सिल. नरांना नावं द्या, खुणेवरून. तुटक्या, कानफाट्या, काळ्या, काटकुळ्या, काहीही, फक्त खूण टिकणारी हवी. तुटकं शिंग पुढच्या वर्षी गळून नवीन येतं त्यामुळे ती खूण एका मोसमापुरती. फाटलेला कान, जुना व्रण, पाठीच्या ठिपक्यांची ओळ, हे कायमचं.

मग एक चौकट आखा, आडव्या ओळींत हटवणारे, उभ्या रकान्यांत हटणारे, तीच नावं दोन्हीकडे. काळ्याने तुटक्याला हटवलं की त्या घरात एक रेघ. संध्याकाळपर्यंत जी रेघांची घरं भरतात त्यावरून क्रम लागतो. काळ्यापुढे तुटक्या हटतो, तुटक्यापुढे काटकुळ्या हटतो, काळ्यापुढे काटकुळ्या पण हटतो, म्हणजे सरळ उतरंड. पण कधी कधी काटकुळ्या काळ्याला हटवताना दिसतो आणि गोंधळ होतो. तेव्हा आधी शिंगं बघा, काळ्याची गळायला आलीत का. मग जागा बघा, काटकुळ्या मादीच्या मागे होता का. एकदाच झालंय का बघा, एका रेघेवर काहीही ठरवू नका. प्रत्येक रेघेपुढे तीन गोष्टी लिहायच्याच, तारीख, जागा, आणि दोघांच्या शिंगांची अवस्था. नाहीतर पुढच्या वेळी वही उघडून काहीच लागत नाही.

सांबर, बारशिंगा आणि बाकीचे

हीच पद्धत दुसरीकडे लावताना थोडं बदलायला लागतं. सांबर मोठ्या कळपात राहत नाही, मादी आणि तिचं पाडस, फार तर दोन-चार जणं, मोठा नर बराचसा एकटा. त्याचा माज हिवाळ्याच्या आसपास, तेव्हा तो चिखलात लोळून काळाकुट्ट होऊन फिरतो, म्हणून उन्हाळ्यात सांबराचं शिंग गळलेलं दिसलं की आजारी आहे का विचारू नका. सांबरात समोरासमोर हटणं कमी दिसतं, त्यापेक्षा लोळणीची जागा आणि घासलेली झाडं शोधा. भेकर एकांडंच, तिथे कळपाचा प्रश्नच नाही.

बारशिंगा बघायचा तर कान्हा, मध्य प्रदेश. तिथला कडक जमिनीवरचा बारशिंगा (बारशिंग्याची एक उपजात) १९७० च्या सुमारास अवघा ६६ वर आला होता, तिथून तो वाढवला गेलाय. तो मोकळ्या कुरणावर राहतो, माज हिवाळ्यात, नर चिखलात लोळतात आणि शिंगांवर गवताचे भारे घेऊन मिरवतात, आणि कुरण मोकळं असल्यामुळे शेजारी शेजारी चालणं वगैरे लांबून आरामात दिसतं. डिसेंबरात नागपूरहून कान्हा करणाऱ्यांनी वाघाच्या एका फेरीतून वेळ काढून सकाळी कुरणावर थांबावं असं माझं मत.

आणि अमेरिकेत टेक्सासला राहणारी मराठी मंडळी, तुमच्याकडेही चितळं आहेत, १९३२ मध्ये नेऊन सोडलेली, तिकडे अॅक्सिस डिअर म्हणतात. तिथेही उन्हाळ्यातच आरोळ्या ऐकू येतात, वाघ नाही त्यामुळे गाडी पुढे घ्या म्हणणारं पण कोणी नाही. चेन्नईत आयआयटी मद्रासला शिकणाऱ्यांना तर हॉस्टेलच्या वाटेवरच चितळं भेटतात, वही तिथेच सुरू करा.